मीटरवरचे ४८,२६० किलोमीटर : जुन्या गाड्यांच्या एका दालनातील खरेदी आणि परतीचा अनुभव

धुळे शहराबाहेर महामार्गालगत असलेल्या जुन्या गाड्यांच्या एका मोठ्या दालनातून मी २०२५ साली आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठवड्यात एक डिझेल हॅचबॅक विकत घेतली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ती त्याच दालनाला परत केली. दालनाचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण तडजोडीच्या वेळी ती एक अट मी मान्य केली होती. घडलेली हकिकत लिहिण्याचा हक्क मात्र मी सोडला नव्हता आणि तसे समोरच्यांना स्पष्ट सांगितलेही होते. खानदेशात जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री मोठ्या प्रमाणावर चालते. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात, त्यामुळे नाशिक, सुरत आणि इंदूरकडच्या गाड्या येथे विक्रीला येतात, आणि कापसाचे किंवा केळीचे पैसे हाती आलेला शेतकरी असो वा नुकताच निवृत्त झालेला नोकरदार, अनेकांची पहिली चारचाकी अशाच एखाद्या दालनातून घरी येते. त्यांच्यापैकी कोणाला उपयोग व्हावा म्हणून हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे.

प्रथम माझ्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण ते या विषयाशी जोडलेले आहे. मी पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होतो आणि नोकरीची बरीच वर्षे गिरणेच्या जामदा कालव्यावर काढली. खात्याच्या जीपचे लॉगबुक रोज भरावे लागे: निघतानाचे रीडिंग, पोहोचल्याचे रीडिंग, प्रवासाचे कारण, भरलेले डिझेल आणि खाली सही. महिनाअखेरीस रीडिंग आणि डिझेल यांचा मेळ बसला नाही तर वरिष्ठांना खुलासा द्यावा लागत असे. मीटरचा आकडा ही एक नोंद आहे आणि नोंदीला कोणीतरी जबाबदार असतो, हे माझ्या अंगवळणी पडले होते. म्हणूनच दालनातील गाडीच्या मीटरवर ४८,२६० हा आकडा पाहिला तेव्हा तो खोटा असू शकेल अशी शंका माझ्या मनाला शिवली नाही.

दालनाच्या चांगल्या बाजू आधी नोंदवतो. जागा स्वच्छ होती, उन्हाळ्यात गाड्यांवर सावलीची सोय होती, विक्री पाहणारे तरुण अदबीने बोलत होते आणि कोणीही घाई केली नाही. सौभाग्यवतींना गुडघ्यांच्या उपचारासाठी महिन्यातून दोनदा अमळनेरहून धुळ्याला न्यावे लागते, हे सांगितल्यावर त्यांनी मागच्या-पुढच्या आसनांची उंची दाखवून तीन गाड्या समोर उभ्या केल्या. कागदपत्रांचे काम तर त्यांनी खरोखरच चोख केले. गाडी नाशिकची होती. तिकडच्या परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र, मालकी हस्तांतरणाचे नमुना २९ आणि ३०, विम्याचे हस्तांतरण हे सारे त्यांच्या माणसाने पाठपुरावा करून पाच आठवड्यांत पूर्ण केले आणि नोंदणी प्रमाणपत्र माझ्या नावावर झाले. या सेवेबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती गाडीच्या माहितीबद्दल. दालनाने समाजमाध्यमांवर टाकलेल्या जाहिरातीत ‘२०१६ चे मॉडेल, एकहाती वापर, फक्त ४८ हजार चाललेली’ असे शब्द होते. सांगितलेली किंमत ४,६०,००० रुपये होती आणि घासाघीस करून व्यवहार ४,३५,००० रुपयांना ठरला. त्याच वर्षाच्या त्याच मॉडेलच्या, परंतु लाखाच्या वर चाललेल्या दोन गाड्या मी जळगावात पाहिल्या होत्या आणि त्या साडेतीन लाखांच्या आत मिळत होत्या. म्हणजे सुमारे ८५,००० रुपये मी केवळ कमी चाललेल्या गाडीसाठी जास्त मोजले. त्यातील दोन लाख पतपेढीचे कर्ज होते. मीटरचा आकडा हा किमतीचाच एक भाग असतो आणि तो बदलणे म्हणजे वजनकाट्याखाली हात लावण्यासारखे आहे, हे समजून घेण्यासाठी एवढा हिशेब पुरेसा आहे.

पंधरा दिवसांतच क्लच जड लागू लागला. मे महिन्याच्या उन्हात धुळ्याच्या अलीकडे गाडी गिअर घेईनाशी झाली आणि सौभाग्यवतींना रस्त्याच्या कडेला लिंबाच्या सावलीत पाऊण तास बसावे लागले. गाडी ओढून अमळनेरला आणली. आमचे मिस्त्री गाड्यांच्या कामात मुरलेले आहेत. त्यांनी क्लच प्लेट हातात घेऊन उलटसुलट पाहिली, ब्रेकच्या पॅडलवरचे रबर बोटाने चाचपले, चालकाच्या आसनाची दबलेली कड दाखवली आणि म्हणाले, ‘साहेब, हाई गाडी अठ्ठेचाळीस हजार चालेल नई शे’, म्हणजे ही गाडी अठ्ठेचाळीस हजार चाललेली नाही. त्यांच्या या एका वाक्याने मी भानावर आलो. घरी येऊन मी हिशेब मांडला. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोंदणी झालेली गाडी एप्रिल २०२५ पर्यंत ४८,२६० किलोमीटर चालली असेल, तर महिन्याला सुमारे पावणेपाचशे किलोमीटरच होतात. महिन्याला एवढेच फिरणारा माणूस जास्त पैसे मोजून डिझेलची गाडी कशासाठी घेईल? हा प्रश्न मला खरेदीपूर्वीच पडायला हवा होता.

येथे एक तांत्रिक बाब सांगतो. पूर्वीच्या मीटरमध्ये आकड्यांच्या चकत्या दातेरी चाकांवर फिरत आणि कोणी त्या मागे फिरवल्या तर आकडे वेडेवाकडे बसत, त्यामुळे जाणकाराला ते ओळखू येई. आताच्या गाडीत हा आकडा डॅशबोर्डच्या मीटर संचातील एका लहान स्मृती चिपमध्ये साठवलेला असतो, आणि गाडीच्या निदान सॉकेटला यंत्र जोडून किंवा संच बाहेर काढून तो थोड्या वेळात बदलता येतो; बाहेरून एक ओरखडाही दिसत नाही. मात्र बऱ्याच गाड्यांमध्ये हाच आकडा किंवा त्याच्याशी निगडित नोंदी इंजिनच्या नियंत्रण संगणकात किंवा अन्य भागांतही राहतात, आणि आकडा मागे नेणारा त्या सगळ्याच बदलतो असे नाही. शिवाय गाडीबाहेरच्या नोंदी कोणालाही पुसता येत नाहीत: अधिकृत सेवा केंद्रातील जॉबकार्ड, अपघाताच्या दाव्यानंतर विमा सर्वेक्षकाने लिहिलेले रीडिंग, तेल बदलल्यावर दाराच्या कडेला चिकटवलेली चिठ्ठी. टायरच्या बाजूला उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगणारे चार अंक असतात. माझ्या गाडीचे चारही टायर २०२३ चे होते. टायर वयानेही बदलावे लागतात, त्यामुळे केवळ तेवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, परंतु विचारण्याजोगी गोष्ट ती नक्कीच होती.

आपल्याकडील मोठी उणीव अशी की खासगी मोटारीला पहिली पंधरा वर्षे योग्यता तपासणीसाठी परिवहन कार्यालयात जावे लागत नाही, त्यामुळे दर वर्षीचे रीडिंग सरकारी दप्तरात नोंदले जात नाही. सरकारच्या वाहन पोर्टलवर किंवा एम-परिवहन ॲपवर नोंदणीची तारीख, विमा, प्रदूषण प्रमाणपत्र, कर्जाचा बोजा हे दिसते. गाडी किती चालली ते दिसत नाही. बेल्जियमसारख्या देशात २००६ पासून जुनी गाडी विकताना रीडिंगचा इतिहास दाखवणारे प्रमाणपत्र ग्राहकाला द्यावेच लागते. तशी व्यवस्था आपल्याकडे व्हावी, असे मला मनापासून वाटते. तोपर्यंत सेवा केंद्रातील नोंद हाच सर्वांत भक्कम आधार आहे.

मी जळगावच्या अधिकृत सेवा केंद्रात गेलो. नोंदणी प्रमाणपत्र माझ्या नावावर झालेले असल्याने त्यांनी चेसिस क्रमांकावरून सेवेचा इतिहास छापून, शिक्क्यासह दिला. मालक नसलेल्या माणसाला तो सहसा देत नाहीत, म्हणून खरेदीपूर्वी तो विक्रेत्याकडूनच मागून घ्यावा लागतो. त्या कागदावर २०१७ साली १४,९०० किलोमीटर, २०१९ साली ६३,४००, २०२१ साली १,०२,७५० आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये १,३१,१८० अशी रीडिंग होती. त्यापुढे नोंद नव्हती. मला विकलेल्या गाडीचा आकडा २०१९ च्या आकड्याहूनही कमी होता. नोंदणी प्रमाणपत्रावरून नाशिकच्या पूर्वीच्या मालकांचा पत्ता लागला. ते अत्यंत सज्जन गृहस्थ निघाले. गाडी एका दलालामार्फत दालनाला दिली तेव्हा त्यांनी मीटरचा फोटो काढून ठेवला होता. त्यावर १,४६,३१२ असा आकडा होता. म्हणजे जवळपास ९८,००० किलोमीटर नाशिक आणि धुळे यांच्यामध्ये कोठेतरी नाहीसे झाले होते.

हे कागद घेऊन मी दालनात गेलो तेव्हा मालकांनी चहा मागवला आणि तीन उत्तरे दिली. ही तिन्ही उत्तरे अशा प्रत्येक व्यवहारात ऐकू येतात, म्हणून त्यांचा विचार नीट करतो.

पहिले उत्तर असे की ‘आमच्याकडे गाडी अशीच आली, आम्ही मीटरला हात लावलेला नाही.’ हे खरे असेलही; दलालाने ते केले असण्याची शक्यता मी नाकारत नाही. परंतु ग्राहकाला आकडा कोणी बदलला हे शोधून काढावे लागत नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १८ नुसार, हाती असलेल्या माहितीचा आधार नसताना एखादी असत्य गोष्ट ठामपणे सांगणे हेही चुकीचे निवेदन ठरते, मग सांगणाऱ्याचा त्यावर विश्वास असला तरी. आणि चुकीच्या निवेदनामुळे दिलेली संमती कलम १९ नुसार ग्राहकाला मागे घेता येते. जाणूनबुजून लपवले असेल तर ते कलम १७ खालील कपट होते. त्याशिवाय माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम १५ प्रमाणे वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळलाच पाहिजे, अशी अट करारात गृहीत धरलेली असते. ‘फक्त ४८ हजार चाललेली’ हे वर्णन नाही तर काय आहे?

दुसरे उत्तर पावतीच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेले होते: गाडी जशी आहे तशी विकली असून किलोमीटरची जबाबदारी विक्रेत्याची नाही. ही ओळ मी सही करताना वाचली नव्हती आणि ती माझी चूक होती. तरीही जाहिरातीत एक आकडा मोठ्या अक्षरांत मिरवायचा आणि पावतीत त्याच आकड्यावरून हात झटकायचे, यातून विक्रेत्याची सुटका होत नाही. ‘जशी आहे तशी’ या शब्दांचा अर्थ पाहून कळणाऱ्या दोषांपुरता असतो. रंग उडाला आहे, काचेला तडा आहे, एसी थंड होत नाही. डोळ्यांना दिसूच शकत नाही अशा खोट्या आकड्यावर त्या शब्दांचे पांघरूण घालता येत नाही. ज्या दालनाच्या पावतीवर अशी ओळ छापलेली असेल तेथे ती खोडून दोघांच्या सह्या घ्याव्यात, आणि विक्रेता तयार होत नसेल तर व्यवहार सोडून द्यावा.

तिसरे उत्तर मला सर्वांत जास्त बोचले. ‘साहेब, तुम्ही इंजिनिअर आहात, मिस्त्री घेऊन यायचा होता.’ या उत्तराला कायद्यात थोडा आधार आहे, म्हणून ते धुडकावून लावणे योग्य नाही. करार अधिनियमाच्या कलम १९ मध्येच एक अपवाद आहे: चुकीचे निवेदन किंवा कपटी मौन असेल आणि खरेदीदाराला साधारण काळजी घेऊन सत्य शोधता येण्याजोगे असेल, तर करार रद्द करता येत नाही. मात्र सक्रिय कपटाला, म्हणजे आकडा बदलून तो खरा म्हणून दाखवण्याला, हा अपवाद लागू होत नाही. आणि मालक नसताना सेवा केंद्र इतिहास देत नाही, तर तो शोधण्याचे साधन माझ्या हाती होते असे कसे म्हणता येईल? त्या दिवशी हे सगळे मला सुचले नाही. मी चहा तसाच ठेवून उठलो. मालकांनी २५,००० रुपये ‘प्रेमाने’ देऊ केले होते, ते मी नाकारले.

दालनाबद्दल आणखी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून, १ एप्रिल २०२३ पासून नोंदणीकृत जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांसाठी प्राधिकारपत्राची तरतूद लागू केली. हे पत्र नोंदणी प्राधिकाऱ्याकडून मिळते आणि पाच वर्षे चालते. जुना मालक अशा विक्रेत्याकडे गाडी सोपवतो तेव्हा त्याची सूचना ऑनलाइन द्यावयाची असते आणि त्यानंतर गाडीची जबाबदारी विक्रेत्यावर येते. विशेष म्हणजे गाडी कोणत्या कारणासाठी, कोणी, केव्हा आणि किती किलोमीटर चालवली याची इलेक्ट्रॉनिक नोंदवही विक्रेत्याने ठेवावयाची असते. लॉगबुक भरण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला या तरतुदीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. मी प्राधिकारपत्र पाहायला मागितले तेव्हा ते दाखवता आले नाही आणि नोंदवहीचा विषय तर हसण्यावारी नेण्यात आला. या दोन गोष्टी मी आता कोणत्याही दालनात शिरल्याबरोबर विचारीन.

यानंतरची वाट मी एकट्याने, वकील न लावता चाललो आणि ती वाटते तेवढी अवघड नाही. प्रथम राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. दालनाने तिला प्रतिसाद दिला नाही, पण तक्रारीचा क्रमांक आणि तारीख पुढे उपयोगी पडली. मग पोचपावतीसह नोंदणीकृत डाकेने पंधरा दिवसांची नोटीस पाठवली, ज्यात जाहिरातीचे चित्र, पावती, सेवा केंद्राचा इतिहास आणि नाशिकच्या गृहस्थांच्या फोटोची प्रत जोडली होती. गाडी मी तेव्हापासून चालवणे थांबवले आणि त्या दिवशीचे रीडिंग नोटिशीत लिहिले, जेणेकरून ‘तुम्ही वापरतच राहिलात’ असे कोणी म्हणू नये. क्लचचे काम झाल्यावर मिस्त्रींनी काढलेला जुना भाग मी पोत्यात बांधून जपून ठेवला होता. जाहिरातीचे चित्र आणि विक्री करणाऱ्या तरुणाशी व्हॉट्सअॅपवर झालेले बोलणे ज्या फोनवर होते तो फोन मी बदलला नाही. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडण्याची पद्धत आहे आणि मूळ फोन आपल्याजवळ असला की ते देणे सोपे जाते.

नोटिशीला उत्तर न आल्याने ऑगस्टमध्ये मी जळगावच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल केली. दालन धुळे जिल्ह्यात आणि मी अमळनेरचा, म्हणजे जळगाव जिल्ह्यातला. पूर्वीच्या १९८६ च्या अधिनियमात तक्रारदाराच्या राहत्या ठिकाणावरून अधिकारक्षेत्र मिळत नसे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ३४ ने तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो तेथील आयोगाकडे जाण्याची मुभा दिली. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या या बदलामुळे सुरतेत वा इंदुरात गाडी घेतलेला शहाद्याचा माणूसही नंदुरबारला तक्रार करू शकतो. मोबदला, म्हणजे वस्तूसाठी मोजलेली किंमत, ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे चालते, आणि तो पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क काहीच नाही; माझा मोबदला ४,३५,००० असल्याने मला एक रुपयाही भरावा लागला नाही. पाच ते दहा लाखांसाठी २०० रुपये आहेत. तक्रार ई-जागृती या पोर्टलवरूनही दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची आहे, परंतु तोपर्यंत थांबण्यात शहाणपण नाही, कारण गाडी जितकी अधिक चालेल तितका पुरावा पातळ होतो.

तक्रारीत मी दोन मुद्दे मांडले. मालाच्या दर्जाविषयी खोटे सांगणे ही कलम २(४७) खालील अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवणे ही सेवेतील त्रुटी आहे. मागणी अशी केली की किंमत व्याजासह परत मिळावी, हस्तांतरणाचा व दुरुस्तीचा खर्च मिळावा आणि मनस्तापाची भरपाई मिळावी; कलम ३९ अशा आदेशांचे अधिकार आयोगाला देते. सामनेवाल्यांना लेखी म्हणणे देण्यासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. तपासणीची गरज नसेल तर तीन महिन्यांत आणि गरज असेल तर पाच महिन्यांत निकाल द्यावा असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात आणि त्याची मानसिक तयारी ठेवावी लागते.

दोन गोष्टी येथे जोडतो, कारण त्याबद्दल मला परिचितांनी वारंवार विचारले. गाडी भाड्याने चालवण्यासाठी घेतली असेल तर ग्राहक म्हणून दाद मागता येते का? स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत मोडत नाही, असे कायद्यातच स्पष्टीकरण आहे. चार गाड्या घेऊन चालक ठेवणाऱ्याची गोष्ट वेगळी. आणि गाडी दालनाऐवजी एखाद्या ओळखीच्या माणसाकडून थेट घेतली असेल तर? तो व्यापारी नसल्याने ग्राहक आयोगाचा मार्ग सहसा उपलब्ध नसतो. तेव्हा करार अधिनियमाच्या आधारे दिवाणी न्यायालयात जावे लागते. आकडा जाणूनबुजून बदलल्याचा पुरावा असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची फिर्याद देण्याचा मार्ग दोन्ही प्रसंगी खुला असतो. मी तो वापरला नाही. मला पैसे परत हवे होते आणि कोणी आकडा फिरवला हे मी शपथेवर सांगू शकत नव्हतो.

आयोगाची नोटीस बजावल्यावर दालनाचा सूर बदलला. त्यांचे वकील भेटायला आले, तेव्हा नाशिकचा फोटो आणि सेवा केंद्राचा शिक्का असलेला कागद त्यांनी बराच वेळ पाहिला. डिसेंबरात तडजोड झाली: किमतीचे ४,३५,००० रुपये आणि खर्चापोटी ३०,००० रुपये धनादेशाने मिळाले, गाडी परत गेली, नोंदणी पुन्हा बदलून देण्याची जबाबदारी त्यांनी लेखी घेतली आणि आयोगापुढे तडजोडीची पुरसीस, म्हणजे लेखी निवेदन, दाखल झाली. व्याज आणि मनस्तापाची भरपाई मी सोडली. सौभाग्यवतींनी बसमधून केलेले धुळ्याचे हेलपाटे आणि पतपेढीचे आठ महिन्यांचे व्याज यांची किंमत त्या तीस हजारांत बसत नाही, आणि निकालापर्यंत थांबलो असतो तर कदाचित अधिक मिळाले असते. पण सौभाग्यवतींना प्रवासासाठी गाडी लगेच हवी होती आणि तो निर्णय आम्ही दोघांनी विचारपूर्वक घेतला.

आता या दालनाचे मूल्यमापन. कागदपत्रांच्या सेवेला मी पाचपैकी चार गुण देतो आणि वागणुकीला तीन, कारण अखेरपर्यंत कोणी आवाज चढवला नाही. गाडीच्या माहितीच्या खरेपणाला मात्र एकही गुण देता येत नाही. त्यांनी स्वतः आकडा बदलला नसला, तरी दीडशे किलोमीटरवरच्या पूर्वीच्या मालकाला एक फोन करून रीडिंग पडताळण्याची तसदी घेतली नाही आणि त्या न पडताळलेल्या आकड्यावर माझ्याकडून जास्त पैसे घेतले. तडजोडीनंतर त्यांनी पावतीवरची ती ओळ काढली असल्याचे मला कळले आहे. तसे असेल तर ते योग्यच झाले. परंतु गाडीसोबत सेवा केंद्राचा इतिहास देण्याची पद्धत ते सुरू करीत नाहीत तोपर्यंत मी माझ्या कोणत्याही नातलगाला तेथे जा असे सांगणार नाही.

जानेवारीत मी जळगावच्या एका विक्रेत्याकडून पेट्रोलची छोटी गाडी घेतली. ती ७२,००० किलोमीटर चाललेली आहे आणि तसे सांगूनच विकली. आगाऊ रक्कम देण्यापूर्वी मी सेवेचा इतिहास मागितला, त्यांनी मूळ मालकाच्या संमतीने तो दोन दिवसांत आणून दिला. पावतीवर ‘मीटर रीडिंग ७२,११८, सेवा नोंदींशी पडताळलेले, तफावत आढळल्यास गाडी परत घेऊ’ असे त्यांच्या हस्ताक्षरात लिहून सही-शिक्का घेतला. मिस्त्री सोबत होतेच. घरी आल्यावर नवी वही काढली, खात्यातल्यासारखे रकाने आखले आणि पहिल्या ओळीत लिहिले: जळगाव ते अमळनेर, सुरुवातीचे रीडिंग ७२,११८.